अ‍ॅरेसारखी दिसते, पण अ‍ॅरे नव्हे: वेब पानावरच्या घटकांची यादी का फसवते?

भाजीविक्रीच्या एखाद्या संकेतस्थळावर सहा भाज्यांपुढे ‘संपले’ अशी पट्टी दिसते आहे. नवा माल आला, म्हणून ती पट्टी काढायची आहे. जावास्क्रिप्ट शिकणारा कुणीही हे काम चार ओळींत लिहील: ‘संपले’ हा क्लास असलेले सगळे घटक, म्हणजे एलिमेंट, मागवायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत लूप चालवायचा आणि प्रत्येकाचा तो क्लास काढून टाकायचा. कोडमध्ये टंकनाची चूक नाही, ब्राउझरची तक्रार नाही, कन्सोलमध्ये लाल अक्षरांत काही उमटत नाही. तरीही पान पाहिले तर सहापैकी तीनच भाज्यांची पट्टी गेलेली असते. उरलेल्या तीन भाज्या गोदामात भरपूर असूनही ग्राहकाला ‘संपले’ असेच दिसत राहते.

वेब प्रोग्रामिंग शिकताना ही चूक फार जणांच्या वाट्याला येते. कारण एकच असते. पानावरच्या घटकांची जी यादी ब्राउझर हातात देतो ती अ‍ॅरेसारखी दिसते, पण अ‍ॅरे नसते. हा फरक नेमका काय, तो का निर्माण झाला आणि इतकी वर्षे उलटूनही तो मिटवता का आला नाही, हे समजून घेऊ.

अ‍ॅरे म्हणजे नेमके काय?

अ‍ॅरे म्हणजे क्रमाने ठेवलेल्या वस्तूंची यादी. प्रत्येक वस्तूला एक जागा असते आणि त्या जागेला क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे इंडेक्स. तो ० पासून सुरू होतो. त्यामुळे सहा वस्तूंच्या अ‍ॅरेत शेवटच्या वस्तूचा इंडेक्स ५ असतो. यादीत एकूण किती वस्तू आहेत हे ‘लेन्ग्थ’ या गुणधर्मावरून कळते.

पण अ‍ॅरेची खरी ताकद तिच्याबरोबर येणाऱ्या मेथडमध्ये आहे. ‘फिल्टर’ अटीत बसणाऱ्या वस्तू निवडून नवी यादी देते. ‘मॅप’ प्रत्येक वस्तूवर एकच क्रिया करून निकालांची नवी यादी बनवते. ‘रिड्यूस’ सगळ्या यादीचा एकच निकाल काढते, जसे बेरीज. ‘सॉर्ट’ क्रम लावते. ‘पुश’ शेवटी नवी वस्तू जोडते. आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे अ‍ॅरे आपल्या मालकीची असते. आपण हात लावल्याशिवाय तिच्यात काही शिरत नाही आणि तिच्यातून काही जात नाही.

पानावरून मिळते ते काय?

ब्राउझर वेब पान वाचतो तेव्हा त्यातल्या प्रत्येक टॅगसाठी आपल्या स्मृतीत एक वस्तू तयार करतो आणि त्या वस्तूंची वंशवृक्षासारखी मांडणी करतो. या मांडणीला डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल किंवा थोडक्यात ‘डॉम’ म्हणतात. जावास्क्रिप्टला पानात बदल करायचा असेल तर तो या डॉममार्फतच करावा लागतो.

डॉमकडे ‘या क्लासचे सगळे घटक द्या’ अशी मागणी केली की उत्तरादाखल यादी मिळते. तिला लेन्ग्थ असते, ० पासून इंडेक्स असतात. क्रोमसारख्या ब्राउझरच्या कन्सोलमध्ये छापून पाहिले तर ती चौकोनी कंसातच दिसते. पण कंसाआधी तिचे खरे नाव लिहिलेले असते: ‘एचटीएमएल कलेक्शन’ किंवा ‘नोडलिस्ट’. ‘अ‍ॅरे डॉट इज-अ‍ॅरे’ ही तपासणी केली तर उत्तर ‘नाही’ असे येते.

अशा वस्तूंना प्रोग्रामर ‘अ‍ॅरेसदृश’ म्हणतात. क्रमांक आहेत, मोजणी आहे, पण अ‍ॅरेच्या मेथड नाहीत. एचटीएमएल कलेक्शनवर ‘फॉर-ईच’ लावले तर ‘हे फंक्शनच नाही’ असा संदेश येतो. नोडलिस्टला फॉर-ईच आहे, पण मॅप आणि फिल्टर नाही. अ‍ॅरेप्रमाणे एखाद्या इंडेक्सवर आपल्या मर्जीने नवा घटक ठेवावा म्हटले तर तेही जमत नाही, कारण यादीत काय असावे हे पान ठरवते, आपण नव्हे.

मेथड नसणे ही गैरसोय झाली, पण ती निदान संदेश देऊन समोर येते. खरा धोका दुसरीकडे आहे. यातल्या बऱ्याच याद्या ‘लाइव्ह’, म्हणजे जिवंत असतात. पानात बदल झाला की यादी आपोआप बदलते, अगदी आपला लूप तिच्यावरून फिरत असतानाही.

सहापैकी तीनच का?

दवाखान्यातले बाक डोळ्यांसमोर आणले तर ही भानगड लगेच कळते. बाकावर सहा रुग्ण बसले आहेत. पहिला आत गेला की बाकीचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात. आता कंपाउंडरने माणसाचे नाव न घेता ‘पहिल्या जागेवरचा या’, मग ‘दुसऱ्या जागेवरचा या’, मग ‘तिसऱ्या जागेवरचा या’ असे पुकारले तर काय होईल? पहिला गेल्यावर मुळात दुसरा असलेला माणूस पहिल्या जागेवर सरकलेला असतो. ‘दुसऱ्या जागेवरचा’ म्हटल्यावर मुळातला तिसरा उठतो. दुसऱ्याचा नंबर लागतच नाही.

भाज्यांच्या यादीत हेच घडते. समजा क्रम असा आहे: वांगी, भेंडी, गवार, दोडका, कारली, पडवळ.

लूपची पहिली फेरी, इंडेक्स ०. वांग्याचा ‘संपले’ क्लास निघतो. यादी ‘संपले’ क्लास असलेल्या घटकांची असल्यामुळे वांगी तत्क्षणी यादीबाहेर जातात. यादी उरते पाचाची: भेंडी, गवार, दोडका, कारली, पडवळ.

दुसरी फेरी, इंडेक्स १. त्या जागेवर आता गवार आहे. तिचा क्लास निघतो. उरले चार: भेंडी, दोडका, कारली, पडवळ.

तिसरी फेरी, इंडेक्स २. तिथे कारली आहेत. ती जातात. उरले तीन: भेंडी, दोडका, पडवळ.

चौथ्या फेरीआधी लूप अट तपासतो: इंडेक्स ३ हा लेन्ग्थपेक्षा कमी आहे का? लेन्ग्थही आता ३ झाली आहे, म्हणजे कमी नाही. लूप संपतो. भेंडी, दोडका आणि पडवळ तसेच राहतात.

यात फसवणारी गोष्ट अशी, की कोड लिहिणाऱ्याने यादीला हातही लावलेला नसतो. त्याने काढला तो फक्त एक क्लास. ‘मी यादीतून काही काढलेले नाही’ हे त्याचे म्हणणे त्याच्या परीने खरे असते. यादी बदलली ती पानाच्या बाजूने.

याच्या उलट प्रकार आणखी त्रासदायक असतो. लाइव्ह यादीवर लूप चालवताना प्रत्येक घटकाची प्रत काढून ती पानात जोडली, तर त्या प्रतीलाही तोच क्लास असतो. म्हणजे प्रत्येक फेरीत लेन्ग्थ एकाने वाढते, इंडेक्स तिला कधीच गाठू शकत नाही आणि पान गोठून बसते.

चूक टाळायची कशी?

यावर तीन रूढ उपाय आहेत.

पहिला, लूप शेवटाकडून सुरुवातीकडे चालवणे. बाकावरचा शेवटचा माणूस उठला तर पुढच्यांना सरकावे लागत नाही. पडवळापासून सुरुवात करून वांग्यापर्यंत आले तर एकही भाजी सुटत नाही.

दुसरा, इंडेक्स वाढवायचाच नाही. ‘यादीत काही उरले आहे तोवर पहिल्या घटकावर काम कर’ असा व्हाइल लूप लिहायचा. इथे एक खबरदारी हवी. प्रत्येक फेरीत पहिला घटक यादीबाहेर गेलाच पाहिजे. नाही गेला, तर हाही लूप कधीच थांबणार नाही.

तिसरा आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे आधी यादीची स्थिर प्रत घ्यायची आणि त्या प्रतीवर लूप चालवायचा. ‘अ‍ॅरे डॉट फ्रॉम’ ही मेथड अ‍ॅरेसदृश वस्तूपासून खरीखुरी अ‍ॅरे बनवते. तीन टिंबांनी लिहिला जाणारा ‘स्प्रेड’ही हेच काम करतो. या दोन्ही सोयी जून २०१५मध्ये आलेल्या भाषेच्या सहाव्या आवृत्तीतल्या आहेत. जुन्या कोडमध्ये यासाठी अ‍ॅरेची ‘स्लाइस’ मेथड उसनी घेऊन ती यादीवर चालवलेली दिसते. मात्र इंटरनेट एक्सप्लोरर ८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ती युक्ती नोडलिस्टवर चालत नसे. त्यामुळे त्या काळात एकेक घटक हाताने नव्या अ‍ॅरेत भरावा लागे.

लूपचा प्रकार बदलून मात्र हा प्रश्न सुटत नाही. ‘फॉर-ऑफ’ हा नवा लूप लाइव्ह यादीवर चालवला तरी तोही जागेच्या क्रमांकानेच पुढे सरकतो आणि एकाआड एक घटक सोडतो. ‘फॉर-इन’ तर वापरूच नये. तो क्रमांकांबरोबर ‘लेन्ग्थ’, ‘आयटम’ अशी गुणधर्मांची नावेही हातात देतो आणि कोड भलत्याच गोष्टीवर काम करू लागतो.

खऱ्या अ‍ॅरेतही असे होऊ शकते, हे इथे सांगायला हवे. ‘स्प्लाइस’ने एकेक वस्तू काढत पुढे गेले तर बाकावरची सरकासरकी तिथेही होते. फरक इतकाच, की तिथे वस्तू काढण्याचे काम आपणच उघडपणे केलेले असते. म्हणून अ‍ॅरेतून निवडक वस्तू काढायच्या असतील तर फिल्टरने नवी यादी बनवणे बरे.

कोणती मेथड कोणती यादी देते?

सगळा गोंधळ नावांच्या सारखेपणातून होतो. म्हणून नेहमी लागणाऱ्या मेथडची विभागणी एकदा पाहून ठेवावी.

• ‘गेट एलिमेंट्स बाय क्लासनेम’ आणि ‘गेट एलिमेंट्स बाय टॅगनेम’: एचटीएमएल कलेक्शन, लाइव्ह.
• ‘चिल्ड्रन’: एचटीएमएल कलेक्शन, लाइव्ह. फक्त टॅगचे घटक मोजते.
• ‘चाइल्ड नोड्स’: नोडलिस्ट, पण लाइव्ह. टॅगांमधली मोकळी जागाही मोजते.
• ‘गेट एलिमेंट्स बाय नेम’: नोडलिस्ट, लाइव्ह.
• ‘क्वेरी सिलेक्टर ऑल’: नोडलिस्ट, स्थिर.

यातल्या दोन गोष्टींवर थांबायला हवे. पहिली: नोडलिस्ट म्हणजे स्थिर, असे समीकरण अनेक जण पाठ करतात. ते चुकीचे आहे. क्वेरी सिलेक्टर ऑलची नोडलिस्ट स्थिर असते, चाइल्ड नोड्सची लाइव्ह असते. नाव एकच, स्वभाव वेगळे. शिवाय चाइल्ड नोड्समध्ये ओळ तोडल्यामुळे आलेली मोकळी जागाही मजकूर म्हणून मोजली जाते. सहा भाज्यांची यादी प्रत्येक भाजी स्वतंत्र ओळीवर ठेवून लिहिली असेल, तर सहा घटक आणि त्यांच्या आजूबाजूचे सात रिकामे तुकडे मिळून तेरा नोड निघतात.

दुसरी: यादी स्थिर असणे म्हणजे घटक गोठणे नव्हे. क्वेरी सिलेक्टर ऑलने दिलेल्या यादीत कोण आहे हे बदलत नाही, पण त्यातला प्रत्येक घटक पानावरचा तोच मूळ घटक असतो. त्याचा रंग बदलला तर पानावरही बदलतो. लग्नाच्या आमंत्रितांची यादी एकदा छापली की छापील नावे बदलत नाहीत, माणसे मात्र हिंडतीफिरती असतात, तसेच हे आहे. म्हणूनच स्थिर यादी घेतल्यानंतर पानात नवी भाजी जोडली तर ती त्या यादीत येत नाही. पुन्हा मागणी करावी लागते.

मग लाइव्ह यादीचा काही उपयोगच नाही का? आहे. एकदा घेऊन ठेवली की तिची लेन्ग्थ नेहमी ताजी असते. टोपलीत किती वस्तू आहेत हे वारंवार दाखवायचे असेल तर प्रत्येक वेळी नव्याने शोध घेण्याची गरज पडत नाही. फक्त तिच्यावरून लूप चालू असताना पानात असे बदल करू नयेत, ज्यांनी यादीच बदलेल.

अ‍ॅरे झाली, आता क्रम लावायचा

यादी अ‍ॅरेत बदलली की मॅप, फिल्टर, रिड्यूस, सॉर्ट असे सगळे हाताशी येते. समजा भाज्यांचे भाव स्वस्तापासून महागापर्यंत लावायचे आहेत. घटकांची अ‍ॅरे बनवायची, तिच्यावर सॉर्ट चालवायचे आणि त्या क्रमाने एकेक घटक पुन्हा त्याच ठिकाणी जोडायचा. आधीपासून पानावर असलेला घटक पुन्हा जोडला तर त्याची दुसरी प्रत तयार होत नाही, तो जुन्या जागेवरून उठून नव्या जागी जातो. त्यामुळे जुनी यादी पुसण्याची गरज नसते.

इथे सॉर्टचा एक विचित्र स्वभाव आडवा येतो. तुलना कशी करायची हे सांगितले नाही तर सॉर्ट प्रत्येक गोष्टीकडे मजकूर म्हणून पाहते. मग ९, २५ आणि १०० हे भाव १००, २५, ९ असे लागतात, कारण शब्दकोशाच्या न्यायाने १ हे अक्षर २च्या आधी येते. म्हणून आकड्यांसाठी ‘पहिल्यातून दुसरा वजा करा’ असे तुलनेचे फंक्शन द्यावे लागते. बेरजेतही हाच धोका असतो. पानावरून वाचलेला भाव मजकूर असतो, आणि दोन मजकुरांमध्ये अधिक चिन्ह टाकले तर ४० आणि ६० मिळून १०० होत नाहीत, ४०६० होतात.

मराठी संकेतस्थळ बनवणाऱ्यांसाठी यापुढे आणखी एक पायरी आहे. जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ आणि ‘पार्स इंट’ हे फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाहीत. पानावर भाव देवनागरीत लिहिलेला असेल तर उत्तर येते ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. बेरजेत एक नॅन शिरला की सगळी बेरीज नॅन होते. तुलनेत शिरला तर क्रम विस्कटतो, आणि तोही कुठलाच संदेश न देता. यावर चांगली पद्धत म्हणजे दिसणारा भाव देवनागरीत ठेवायचा, पण हिशेबाचा आकडा त्याच घटकाच्या ‘डेटा’ गुणधर्मात इंग्रजी अंकांत लिहून ठेवायचा आणि गणितासाठी तोच वाचायचा. ते शक्य नसेल तर रूपांतर करता येते. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे अंक ओळीने येतात. त्यामुळे प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते.

नावांचा क्रम लावतानाही हेच लक्षात ठेवावे. साधे सॉर्ट युनिकोडच्या क्रमांकांवर चालते आणि तिथे ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर येते. मराठी वर्णमालेत मात्र ते ‘ह’नंतर असते. म्हणून मराठी शब्दांसाठी भाषेचा संकेत देऊन तुलना करणारी ‘लोकेल कम्पेअर’ ही मेथड वापरणे योग्य.

मुळात असे झालेच का?

याचे उत्तर इतिहासात आहे. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केली. पानावरचे फॉर्म आणि दुवे यांच्या याद्या जावास्क्रिप्टला देण्याची सोय तेव्हापासूनची आहे. पुढे भाषेचे प्रमाणीकरण एका संस्थेकडे गेले आणि पानाच्या रचनेचे दुसऱ्या संस्थेकडे. भाषा ‘एक्मा’ या संस्थेकडे गेली. तिथे टीसी-३९ ही समिती आजही ते काम पाहते. डॉमचे पहिले प्रमाण ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ने १ ऑक्टोबर १९९८ रोजी जाहीर केले.

डॉम हे केवळ जावास्क्रिप्टसाठी बनवलेले नव्हते. जावासारख्या भाषांतूनही ते वापरता यावे, असा हेतू होता. म्हणून त्यातली यादी कोणत्याही एका भाषेची अ‍ॅरे असून चालणार नव्हते. सर्वांना जमेल अशी किमान सोय ठेवली गेली: मोजणीसाठी ‘लेन्ग्थ’ आणि इंडेक्स देऊन घटक मागण्यासाठी ‘आयटम’ ही मेथड. याद्या लाइव्ह असतील, हेही त्याच प्रमाणात लिहिले गेले. फॉर-ईच, मॅप, फिल्टर या मेथड भाषेच्या प्रमाणात आल्या त्या डिसेंबर २००९मध्ये, म्हणजे डॉमनंतर तब्बल अकरा वर्षांनी. तोवर दोन्ही बाजूंचे रस्ते वेगळे झाले होते.

मधली पोकळी लायब्ररींनी भरून काढली. २००६मध्ये जॉन रेसिग यांची ‘जेक्वेरी’ आली. तिने घटकांच्या यादीभोवती स्वतःचे वेष्टन घालून सोयीच्या मेथड दिल्या. त्याच वर्षी आलेल्या ‘मूटूल्स’ने वेगळा मार्ग धरला. तिने भाषेच्या मूळ अ‍ॅरेलाच नव्या मेथड जोडल्या. जेक्वेरीतून साध्या जावास्क्रिप्टकडे येणाऱ्यांना त्या काळाची एक खूण अजून भोवते. जेक्वेरीच्या ‘ईच’मध्ये आधी इंडेक्स येतो आणि मग घटक. अ‍ॅरेच्या फॉर-ईचमध्ये आधी घटक, मग इंडेक्स.

मग आता दुरुस्ती का करत नाहीत?

दुरुस्तीची किंमत काय असते हे २०१८मध्ये दिसले. अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे असेल तर ती सपाट करणारी ‘फ्लॅटन’ ही मेथड भाषेत आणायचे ठरत होते. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घातली आणि निदान एक लोकप्रिय संकेतस्थळ मोडले. शोध घेतल्यावर धागा मूटूल्सपर्यंत पोहोचला.

मूटूल्सने कित्येक वर्षांपूर्वीच अ‍ॅरेला आपली स्वतःची फ्लॅटन मेथड जोडली होती. पानावरच्या घटकांसाठी तिचा ‘एलिमेंट्स’ नावाचा वेगळा प्रकार होता आणि अ‍ॅरेच्या सगळ्या मेथड त्यालाही मिळाव्यात म्हणून ती फॉर-इन लूपने एकेक मेथड तिकडे उतरवून घेत असे. भाषेत अंगभूत असलेल्या मेथड मात्र फॉर-इनला दिसत नाहीत. फ्लॅटन ही मेथड ब्राउझरमध्ये आधीपासून असेल आणि मूटूल्सने तिच्यावर आपली आवृत्ती लिहिली, तरी ‘न दिसण्याचा’ तो मूळ गुण कायम राहतो. त्यामुळे फ्लॅटन एलिमेंट्सपर्यंत पोहोचलीच नाही आणि तिच्यावर अवलंबून असलेले कोड कोसळले. म्हणजे घोटाळा झाला तो अ‍ॅरे आणि घटकांची यादी यांना जोडणाऱ्या पुलावरच.

मार्च २०१८मध्ये मायकेल फिकारा यांनी मेथडचे नाव बदलून ‘स्मूश’ ठेवावे, असे गमतीने सुचवले. अनेकांनी ते खरे मानले आणि मोठा वाद पेटला. ‘जुनी लायब्ररी वापरणारी संकेतस्थळे मोडली तर मोडू द्या, चांगले नाव का सोडायचे?’ असा एक सूर होता. समितीने तो मानला नाही. ज्यांनी ती संकेतस्थळे बनवली त्यांतले अनेक जण आज ती सांभाळतही नसतील. मोडलेले पान दिसेल ते सामान्य वाचकाला, आणि त्याला कारण कळायचा मार्ग नाही. मे २०१८मध्ये ‘फ्लॅट’ या नावावर तोडगा निघाला आणि २०१९च्या आवृत्तीत मेथड त्याच नावाने आली. याआधीही मूटूल्सशी टक्कर नको म्हणून ‘कंटेन्स’ हे ठरत आलेले नाव सोडून ‘इन्क्लूड्स’ हे नाव घ्यावे लागले होते.

अ‍ॅरे आणि डॉमच्या याद्या जवळ आणण्याचा प्रयत्नही असाच अडला. अ‍ॅरेलाही डॉमप्रमाणे ‘आयटम’ ही मेथड द्यावी, असा प्रस्ताव होता. पण याहूच्या ‘वाययूआय’ या जुन्या लायब्ररी एखादी वस्तू अ‍ॅरे आहे की डॉमची यादी, हे तिला ‘आयटम’ आहे की नाही यावरूनच ओळखत होत्या. अ‍ॅरेला आयटम मिळाली असती तर त्यांनी अ‍ॅरेलाच डॉमची यादी मानले असते. शेवटी ही मेथड ‘अ‍ॅट’ या नावाने २०२२च्या आवृत्तीत आली. तिला उणे एक दिला की यादीतली शेवटची वस्तू मिळते.

त्यामुळे एचटीएमएल कलेक्शन आणि नोडलिस्ट आहेत तशाच राहणार आहेत. डॉमच्या आजच्या प्रमाणातही एचटीएमएल कलेक्शनला इतिहासाचा अवशेष म्हटले आहे आणि नव्या सोयी बनवताना ती वापरू नये, असे सांगितले आहे. जुन्या पानांसाठी मात्र ती ठेवणे भाग आहे. वीस वर्षांपूर्वीचे पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडते, याची ही किंमत आहे.

थोडक्यात

घटकांची यादी हातात आली की तिच्यावर काम करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. ही यादी लाइव्ह आहे की स्थिर? आणि पुढे जे करणार आहोत त्याने ही यादी बदलणार आहे का? पहिल्याचे उत्तर आठवत नसेल किंवा दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर आधी अ‍ॅरे डॉट फ्रॉमने प्रत घ्यावी आणि मगच लूप लिहावा. एका ओळीचे हे काम आहे. ती ओळ असती, तर भेंडी, दोडका आणि पडवळ यांच्यापुढची पट्टीही निघाली असती.